चंदनाचा साबण

“रिपोर्ट तोरिसी,” पुलावरच्या कानडी पोलिसाने हात पुढे केला.

मी प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढून दिला. परवा तालुक्याच्या दवाखान्यात तीन तास रांगेत उभी राहून नाकात काडी घालून घेतली होती, त्याची ती पावती. त्याने तारीख पाहिली, ‘निगेटिव्ह’ हा शब्द बोटाने दाबून पाहिला, माझ्या मनगटाला ते ताप मोजायचं यंत्र लावलं आणि मान हलवली. त्याचा स्वतःचा मास्क हनुवटीखाली होता.

“पेटीत काय?”

“बांगड्या. मगदुमांच्यात लग्न हाय उद्या.”

“होगी, होगी, जा जा,” म्हणून त्याने दोरी खाली केली.

मागे मोटरसायकलवर बसूनच माझे यजमान ओरडले, “येताना फोन कर. आणि काही झालं तरी तोंडावरचं काढू नकोस!”

त्यांना पुलापुढे यायची सोय नव्हती. कागद एकच होता, माझा.

आमचं मळगेवाडी महाराष्ट्रात आणि मगदुमांचं कोडणहट्टी कर्नाटकात. मध्ये एक ओढा, उन्हाळ्यात म्हशी बसल्या तर भरून जाईल एवढा. आम्ही कासार. बांगड्या भरायला कुणी कुठल्या घरी जायचं हे आमच्यात पूर्वीपासून ठरलेलं असतं. मगदुमांचं घर माझ्या आजेसासूकडे होतं, मग सासूबाईंकडे आलं आणि तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे. आजेसासूच्या वेळी तो ओढा नुसताच ओढा होता.

दुसऱ्या लाटेच्या तोंडावरची गोष्ट आहे. वर्षभर मी कुणाचा हात हातात धरला नव्हता. बांगडी काही लांबून भरता येत नाही. दुकान बंद, लग्नं पंचवीस माणसांत, तीसुद्धा घड्याळ लावून. आमच्या गावची दक्षता समिती एवढी दक्ष होती की स्वतःच्या अंगणात शिंकलं तरी दोघंजण चौकशीला यायचे. अशात शोभावहिनी मगदूम यांचा फोन आला. “श्रद्धाचं लग्न हाय. तुम्ही येणार काय सांगा. नाहीतर निपाणीतनं तयार जोड आणतो.” आमच्या भागात बायकाही ‘मी आणतो, मी जातो’ असंच बोलतात.

तयार जोड म्हणजे दुकानातून आणून आपल्या आपण हातात सरकवायचा. एकदा ती सवय लागली की ते घर गेलंच. सासूबाईंनी मरताना मला दागिने दिले नाहीत, घरं दिली होती. म्हणून मी रांगेत उभी राहिले आणि नाकात काडी घालून घेतली.

पूल ओलांडून अर्धा मैल चालले आणि मला वाटलं, मी वर्षभर मागच्या काळात आले. आमच्याकडे गावभर शुकशुकाट. इथे पारावर पत्त्यांचा डाव पडलेला, हॉटेलात भजी तळली जाताहेत, बायका एकमेकींच्या अंगावर रेलून हसताहेत. कुणाच्याच तोंडाला काही नाही. आमच्याकडे सीमेवर कुणी नव्हतं, पण गावात प्रत्येक माणसाला धरत होते. इथे पुलावर कागद धरत होते आणि आत आल्यावर कुणी कुणाला धरत नव्हतं. माझ्यासारख्या मास्कवालीकडे पोरं बोट दाखवत होती.

मगदुमांच्या दारात मांडव पडला होता. मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून अण्णा बसले होते, शोभावहिनींचे यजमान. गावात एकट्या अण्णांनी नाकातोंडावरून टॉवेल गुंडाळला होता. त्यांना लहानपणापासूनचा दमा. फवाऱ्याची डबी कायम सदऱ्याच्या खिशात.

“या ताई, या,” त्यांनी लांबूनच हात जोडले. “बघा, तुम्ही आणि मी दोघंच शहाणे. हे सगळे मला चोर म्हणाय लागलेत.”

“पन्नास माणसांची परवानगी आहे म्हणे?” मी विचारलं.

“कागदावर पन्नास. ही म्हणते तीनशे येणार. मी म्हटलं, किती येतील ते येऊ देत, पण एक जरी आजारी माणूस दिसला तर मी मांडव उतरवणार. मग बसा बोंबलत.” ते हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. त्यांना खरंच भीती वाटत होती.

आत माजघरात बायकांनी माझ्यासाठी पाट मांडला होता. मी पेटी उघडली आणि आतून रबरी हातमोजे काढले. तशी अण्णांची थोरली बहीण, तिला सगळे आत्याबाई म्हणत, कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं बाई! ही बांगड्या भरायला आली का मेलेलं ढोर ओढायला?”

सगळ्या खो खो हसल्या. हातमोजे घालून मी एक बांगडी चढवून पाहिली. जमेना. आमचं काम बोटांच्या पेरांवर चालतं. समोरचीचा अंगठा आत मोडायचा, हाडं कुठे मऊ पडतात ते चाचपायचं, साबणाचा फेस लावायचा आणि ती बोलण्यात गुंतली की बांगडी पलीकडे. रबरातून हाड कळत नाही. मी मोजे काढून ठेवले. साबण तर लागणारच आहे, हातांचं काय एवढं, असं मी स्वतःला समजावलं.

“आता तोंडावरचं पण काढा,” शोभावहिनी म्हणाल्या.

“ते राहू दे वहिनी.”

“काढा वो. चुडा भरताना तोंड झाकतात काय? मयताला आल्यागत दिसतंय. माझी पोरगी उद्या बोहल्यावर चढणार, तिनं कासारणीचं तोंड बघू नये?”

“रिपोर्ट निगेटिव्ह हाय म्हणालासा की,” आत्याबाईंनी पुस्ती जोडली. “मग कुणाला भ्यायचं? आम्हाला?”

घरोघर भेदरलेल्या बायका मी पाहिल्या होत्या, पण अपमान वाटलेली बाई त्याहून अवघड असते. शिवाय कागद माझ्या पिशवीत होता. मी मास्क काढून पदराला गाठ मारून ठेवला.

मगदुमांच्या घरची रीत अशी की आधी घरच्या थोरल्या सवाष्णी, मग नवरी, मग बाकीच्या. आणि चुडा भरला की ज्या त्या बाईने त्याच हाताने आपल्या नवऱ्याला विडा भरवायचा. मी आधी शोभावहिनींचे दोन्ही हात भरले. हिरवा चुडा, मध्ये दोन पिवळ्या. हात तीस वर्षांपूर्वी होता त्याच्या दुप्पट झाला होता, पण मी एकही बांगडी वाढू दिली नाही. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि विड्याचं तबक घेऊन लाजत बाहेर गेल्या. बाहेर हशा पिकला. मग आत्याबाईंचे हात झाले. मग श्रद्धा पुढे येऊन बसली. तिच्यामागे वहिनींची सून कावेरी, आठवा महिना लागलेली, भिंतीला टेकून आपल्या पाळीची वाट पाहत होती.

माझा साबण झिजून चपटा झाला होता. श्रद्धा उठली आणि आतून नवा घेऊन आली. “मावशी, हा घ्या. चंदनाचा हाय. तिकडं न्यायला आणलेत, त्यातला एक फोडला.”

मी तो पाण्यात बुडवून तिच्या डाव्या हाताला फेस केला. एकेक करत डावा हात भरला. श्रद्धाने हात नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, “कसला भारी वास यायलाय! सगळं माजघर घमघमलं.”

“व्हय बाई,” कावेरी मागून म्हणाली. “इथंपर्यंत यायलाय.”

मी साबण उचलला आणि नाकाला लावला.

काही नाही. जणू गुळगुळीत दगड.

मी पुन्हा ओढून श्वास घेतला. मग हातांचा वास घेतला. मग शेजारच्या तबकातल्या अबोलीत खोवलेल्या मोगऱ्याचा. मांडवाच्या पलीकडे जिलेब्या तळत होत्या, तूप उकळत होतं, येताना हॉटेलात भजी होती, यातल्या कशाचाच वास मला सकाळपासून आला नव्हता. मास्कमुळे येत नसेल असं मी धरून चालले होते. मास्क काढून पाऊण तास झाला होता.

श्रद्धाने उजवा हात पुढे केला. मी तो धरला नाही.

“वहिनी,” मी म्हणाले, “जरा परड्यात या.”

परड्यात हौदापाशी मी पदराची गाठ सोडून मास्क लावला आणि चार हात लांब उभी राहिले. वहिनी अण्णांना विडा देऊन आलेल्या, गाल अजून लालच होते.

“मला वास येत नाही,” मी म्हणाले.

“कशाचा?”

“कशाचाच नाही. साबणाचा नाही, फुलांचा नाही.”

त्या म्हणाल्या, “सर्दी असंल.”

“सर्दी असती तर नाक गळलं असतं.”

“पण रिपोर्ट?”

“तो परवाचा. परवा नसेल. नाहीतर त्या रांगेतच लागला असेल. वहिनी, मी तुमचे हात धरलेत, आत्याबाईंचे धरलेत, सगळ्यांच्या तोंडापुढे तोंड घालून बसले. सगळ्यांना सांगायला पाहिजे. अण्णांना आधी.”

वहिनींनी हौदाच्या काठाला धरलं. नव्या बांगड्या दगडावर खणखणल्या, तसा त्यांनी हात उचलून घेतला.

“ह्यांना न्हाई,” त्या हळू म्हणाल्या. “ह्यांना सांगितलं तर आत्ताच्या आत्ता मांडव उतरवतील. तुम्हाला ठाऊक हाय डोकं कसलं ते. पावणे निम्मे आलेत, मालनताई. मागच्या वर्षी एकदा मोडलं हे लग्न लॉकडाऊननं. ती मंडळी आणखी थांबायची न्हाईत. पोरगी एकोणतीस वर्षांची झाली.”

“आणि कावेरी?”

त्या म्हणाल्या, “कावेरीला मी आत्ता माहेरी घालवतो. म्हणतो, पोट दुखतंय, डॉक्टरनं आराम सांगितलाय. ते माझ्यावर सोडा.”

“आणि बाकीच्यांचं?”

“तुम्ही सांगितलं, मी ऐकलं. आता पुढचं माझ्यावर. तुम्ही सुटलासा.”

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. सांगायचं तेवढं मी सांगून टाकलं होतं.

राहिला श्रद्धाचा उजवा हात. एक हात भरलेला आणि एक रिकामा अशी नवरी कुणाला चालणार? आणि मी तर तिच्याजवळ जाणार नव्हते. शेवटी मी परड्यातच उभी राहिले, श्रद्धाला मागच्या दारात बसवलं आणि वहिनींनी स्वतः बांगड्या भरल्या. आत्याबाई विचारायला आल्या तर वहिनींनी सांगितलं, “मालनताईंच्या कमरेत उसण भरली. वाकता येईना.”

“अंगठा आत मोडा,” मी लांबून ओरडत होते. “दाबू नका वहिनी, फिरवा. तिला बोलती ठेवा.”

“काय बोलू हिच्याशी?” वहिनींनी मनगटाने डोळे पुसले.

“आई, रडाय काय लागलीस आत्तापासनं?” श्रद्धा हसत होती. दोन बांगड्या वाढल्या. नवव्या बांगडीला वहिनींचा हात बसला, आणि शेवटच्या चार त्यांनी माझ्यासारख्याच चढवल्या. आजेसासूपासूनचं घर मी तसं त्या दिवशी मागच्या दारातच सोडून आले.

मी पेटी उचलून मांडवातून निघाले तेव्हा अण्णा वाटेत उभे होते. टॉवेल गळ्यात उतरला होता, ओठ विड्याने लाल झाले होते. हातात नारळ आणि खण.

“ताई, हे तरी घेऊन जावा. उसण भरली म्हणे?”

“हो.”

“आता कसं हाय?”

ते पाच हातांवर होते. मागे माजघराच्या दारात वहिनी उभ्या असतील असं मला वाटलं, पण मी वळून पाहिलं नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“बरं आहे आता,” मी म्हणाले. “नारळ तिथेच ठेवा खुर्चीवर, मी घेते.”

“भलत्याच भित्र्या तुम्ही! माझ्या वरताण.” ते खूश झाले. नारळ खुर्चीवर ठेवून ते चार पावलं मागे सरले आणि त्यांनी टॉवेल पुन्हा नाकावर चढवला.

पुलावर पोलिसाने माझ्याकडे पाहिलं नाही. जाणाऱ्याचा कागद कुणी मागत नव्हतं. पुलाच्या आमच्या बाजूला यजमान आले होते. मी त्यांना लांबच थांबवलं आणि चालतच गावात गेले. समितीच्या माणसांना सांगितलं, मला वास येत नाही. त्यांनी एका मिनिटात शाळेचा वर्ग उघडून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काडी, पुन्हा कागद. या वेळी शब्द वेगळा होता.

लग्न झालं. तीनशेला थोडी कमीच माणसं होती म्हणे. शाळेत मी आठव्या दिवशी असताना कळलं की अण्णांना दवाखान्यात नेलंय. बाराव्या दिवशी ते गेले. त्या आठवड्यात कोडणहट्टीत आणखी नऊजण गेले, त्यात वऱ्हाडी किती आणि गावचे किती हे कुणी मोजलं नाही. आत्याबाई ठणठणीत राहिल्या. कावेरीला माहेरी मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी वहिनींच्या हातात भरलेला चुडा पंधरा दिवसही राहिला नाही.

मी समाचाराला गेले नाही. आधी आजारी होते, मग पूल बंद होता, मग पूल उघडला आणि माझ्याकडे कारण उरलं नाही. फोन हातात घ्यायचा, नंबर काढायचा आणि ठेवून द्यायचा. मी भ्याले होते. वहिनी सगळ्यांना सांगत असतील, कासारणीने रोग आणला, असं मला वाटायचं. आणि ते खोटं आहे असंही मला म्हणता आलं नसतं.

दोन वर्षांनी, पुलावरची दोरी आणि खुर्ची केव्हाच गेली होती, मी दुकानात बांगड्यांचे जोड बांधत बसले होते. दारात सावली पडली.

“मालनताई, उसण गेली काय कमरेतली?”

शोभावहिनी. पांढुरक्या रंगाचं लुगडं, हात मोकळे, कडेवर दोन वर्षांची मुलगी. मी उठले, सतरंजी झटकली, पाणी आणलं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, नातीला मांडीवर घेतलं.

“ही कावेरीची. तन्वी.”

“गोड आहे.”

“मी ह्यांना सांगितलंच न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हाला वाटलं असंल, मागनं सांगितलं असंल. न्हाई. आजारी पडल्यावर पण न्हाई. डॉक्टर विचारत होता, कुणाच्या संपर्कात आलासा? हे म्हणाले, कुणाच्याच न्हाई, मी तर टॉवेल सोडला नव्हता. मी तिथंच उभी होतो. एकदाच सोडला होता त्यांनी टॉवेल. मी विडा दिला तेव्हा. तोंड उघडलं माझ्यापुढं, पोरागत.”

“मला वास येईना हे कळायच्या आधी तुम्ही विडा दिला होता.”

“व्हय. आणि कळल्यावर आठवडाभर त्यांच्या शेजारी बसून जेवलो. सून लांब घालवली. नवरा न्हाई घालवला.”

तन्वी पेटीतल्या बांगड्यांत हात घालून वाजवत होती.

“वहिनी,” मी म्हणाले, “निघताना अण्णा माझ्यासमोर उभे होते. तुम्ही बघितलंत?”

“न्हाई. मी देवघरात होतो.”

“मला वाटलं, तुम्ही दारात आहात. त्यांनी विचारलं, आता कसं हाय? मी म्हटलं, बरं आहे. सांगता आलं असतं. तुम्ही सांगू नका म्हणाला होतात म्हणून गप्प बसले, असं नाही. मलाच नको होतं सांगायला. त्यांनी मांडव उतरवला असता, आणि सगळ्या गावाने माझं नाव घेतलं असतं.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. राग नव्हता.

“तीनशे माणसं होती,” त्या शेवटी म्हणाल्या.

“हो. मीही तेच म्हणते स्वतःला.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी मान हलवली. मग तन्वीचा हात पेटीतून काढून आपल्या पदराने पुसला. “हिला भरा. पहिल्याच हायत. कावेरी म्हणाली, बाजारातनं आणतो. मी म्हटलं, आपलं घर हाय तिकडं.”

मी सगळ्यात लहान जोड काढले, वाटीत पाणी घेतलं आणि साबणाकडे हात नेला.

“तो नको,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला साबण काढला. श्रद्धाने सासरी न्यायला आणलेल्यांतला एक. कागद सोडून त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही. पुढे वाकून माझ्या नाकाशी धरला.

“आधी सांगा.”

मी डोळे मिटून श्वास घेतला. मी पुन्हा एकदा श्वास ओढून घेतला, आणि त्या तेवढा वेळ साबण धरून थांबल्या.

“चंदन,” मी म्हणाले.

“मग धरा हात,” वहिनी म्हणाल्या आणि नातीला माझ्यासमोर बसवलं.